मूल गेल्यावर ‘आपणही त्याच्याकडे जावं’ असं वाटतं, तेव्हा काय करावं?

प्रश्न: आमचा १९ वर्षांचा मुलगा ४ महिन्यांपूर्वी दुचाकीच्या अपघातात गेला. पाहुणे केव्हाच परतले. दिवस कामात कसाबसा सरतो, पण रात्री दोन-अडीचला जाग येते आणि वाटतं, त्याच्याकडेच निघून जावं. त्या दिवशी गाडीची चावी मीच त्याच्या हातात दिली होती. नवऱ्याला सांगितलं तर ते खचतील. मुलगी दहावीत आहे. मला वेड लागतंय का? काय करू?

उत्तर: ताई, आधी आत्ताचं बोलू. हे वाचताना जीव द्यायचा विचार पक्का होत असेल, कसं करायचं हे मनात ठरलं असेल किंवा त्यासाठीची वस्तू हाताशी असेल, तर पुढचं वाचायला थांबू नका. घरातल्या मोठ्या माणसाला उठवा आणि ‘मला एकटीला सोडू नका’ एवढंच सांगा. कारण समजावत बसायची गरज नाही. घरात कोणी नसेल तर शेजारचं दार वाजवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. १४४१६ हा टेलि-मानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावा. काही करून बसला असाल किंवा स्वतःला आवरणं अवघड वाटत असेल, तर ११२ वर फोन करा किंवा कुणाला तरी बरोबर घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. काही केलं असेल तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून जाणं टाळू नका. शरीरावरचे परिणाम पुष्कळदा काही तासांनी दिसू लागतात.

तुम्हाला वेड लागलेलं नाही. मूल गेलेल्या आईबापांच्या मनात ‘त्याच्याकडे जावं’, ‘सकाळी जागच आली नाही तर बरं’ असे विचार येणं खूप सर्वसाधारण आहे. बहुतेक जण ते बोलून दाखवत नाहीत, म्हणून प्रत्येकाला वाटतं की हे फक्त आपल्यालाच होतंय. तरीही, सर्वसाधारण आहे म्हणून ते दुर्लक्षून चालेल, असं नाही. डेन्मार्कमध्ये मूल गमावलेल्या आईबापांच्या सरकारी नोंदी अनेक वर्षं तपासल्या गेल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांतून दिसलं की अशा आईबापांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा वाढतो, तो पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो, आणि अनैसर्गिक मृत्यूंचं प्रमाण पहिल्या ३ वर्षांत विशेष वाढलेलं राहतं. धोका वाढतो म्हणजे तो अटळ असतो असं मात्र नाही. बहुतेक आईबाप या काळातून जिवंत बाहेर येतात. पण पहिली काही वर्षं, आणि त्यातही पहिले महिने, पहारा लागतो. तो पहारा कसा बसवायचा हे मी सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातली ती रात्रीची वेळ मला सर्वांत जास्त काळजीची वाटते.

विचार कोणत्या पायरीवर आहे ते ओळखा

पहिल्या पायरीवर फक्त ओढ असते: त्याला भेटावं, हे दुखणं थांबावं, मला झोपेतच मरण यावं. इथे मरायचं ठरलेलं नसतं. दुसऱ्या पायरीवर स्वतः काही करण्याचा विचार येतो, एखादी वस्तू किंवा जागा मनात फिरू लागते. तिसऱ्या पायरीवर वेळ ठरते, वस्तू जमवली जाते, चिठ्ठी लिहिली जाते, दागिने-कागदपत्रं कुणाच्या तरी हवाली केली जातात, मुलीचं पुढचं कोण बघेल याची व्यवस्था लावली जाते. काही माणसं या टप्प्यावर एकदम शांत होतात आणि घरच्यांना वाटतं, सावरली बिचारी. आठवडे रडणारं माणूस काही कारण नसताना अचानक निश्चिंत दिसायला लागलं, तर घरच्यांनी त्याच दिवशी समोर बसून विचारायला हवं.

पहिल्या पायरीवर असाल तर घरात एका माणसाला सांगणं आणि या आठवड्यात डॉक्टरांना भेटणं पुरे. दुसऱ्या पायरीवर आज किंवा उद्याच भेटायचं आणि तोवर रात्री एकटं झोपायचं नाही. तिसऱ्या पायरीवर आत्ताच, अपघात विभागात. अडचण अशी की माणूस क्रमाने वर चढत नाही. न झोपलेल्या तीन रात्री, पोटात गेलेली दारू, किंवा ‘तूच चावी दिलीस ना?’ असं कुणाचं एखादं वाक्य, यातलं काहीही पहिल्या पायरीवरून एका रात्रीत तिसरीवर नेऊ शकतं. म्हणूनच ‘माझं तेवढं गंभीर नाही’ असं वाटत असतानाच तयारी करायची.

एक गोष्ट वेगळी सांगतो. त्याच्या पावलांचा, गाडीचा आवाज आल्यासारखं वाटणं, गर्दीत तो दिसल्याचा भास होणं हे शोकात होतं आणि तो आजार नव्हे. पण आवाज जर ‘ये’ असं बजावत असेल, हुकूम देत असेल, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

रात्री दोन-अडीचची वेळ

त्या वेळी झोप तुटलेली असते, घरात कोणी जागं नसतं आणि थकलेला मेंदू एकाच विचाराभोवती फिरत राहतो. दिवसा ज्या विचाराला आपण बाजूला सारू शकतो, तोच रात्री एकमेव मार्ग वाटू लागतो. मात्र ही लाट चढते तशीच उतरते. तिचा सर्वांत तीव्र भाग बहुतेकांच्या बाबतीत काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकतो. दुःख वर्षानुवर्षं असतं, ती टोकाची घटका तेवढी लांब नसते. तेव्हा रात्रीचं काम एवढंच: ती घटका जिवंत पार करायची. मुलाशिवाय उरलेलं आयुष्य कसं काढायचं, या प्रश्नाचं उत्तर रात्री अडीचला शोधायचं नाही. ते तेव्हा कुणालाच सापडत नाही.

यासाठी एक कागद लागतो. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी त्याची रचना केली. त्याला सुरक्षा आराखडा म्हणतात. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तातडीच्या विभागात आलेल्या लोकांबरोबर हा आराखडा बनवला आणि नंतर त्यांना फोन करून विचारपूस चालू ठेवली, तेव्हा पुढच्या ६ महिन्यांत आत्मघाताच्या कृती सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसल्या. हा अभ्यास २०१८ चा. त्यातला फोनचा भाग विसरू नका. नुसता कागद लिहून कपाटात ठेवला तर तो रात्री आठवत नाही.

कागद दिवसा लिहा, सकाळी चहा घेतल्यावर, शक्य तर दुसऱ्या कुणाबरोबर बसून. सर्वांत वर, लाट येण्याआधी तुम्हाला काय होतं ते तुमच्याच शब्दांत लिहा. ‘वाईट वाटतं’ असं लिहून उपयोग नाही. ‘त्याच्या मोबाइलवरचे फोटो एकामागून एक बघत राहते’, ‘चावीचं वाक्य डोक्यात फिरायला लागतं’, ‘हातपाय गार पडतात’, असं लिहिलंत तर ती खूण लवकर ओळखू येते.

त्याखाली एकटीने करायच्या गोष्टी. त्या रात्री अडीचला, घरातल्या घरात, रडत असतानाही करता येतील अशाच हव्यात. इथे बहुतेकांचं चुकतं. ‘फिरायला जाईन’, ‘मैत्रिणीला भेटेन’ असं लिहितात आणि रात्री त्यातलं काहीच शक्य नसतं. दिवा लावा. त्या अंथरुणातून उठा, कारण त्याच जागी पडून विचार थांबत नाही. तोंडावर गार पाण्याचे सपके मारा. चहाचं आधण ठेवा किंवा दूध तापवा, हाताला काम द्या. हरिपाठ, नामस्मरण, दुआ, रोझरी, जे आधीपासून अंगवळणी असेल ते मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलं तर विचार मध्येच घुसतो. सवय नसेल तर पाढे म्हणा, तेही चालतात. प्रत्येक गोष्टीला १५ मिनिटं द्या, घड्याळ लावून. मोबाइल, त्याचे फोटो, अपघाताच्या बातम्या, दारू, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेली झोपेची गोळी या गोष्टी त्या वेळी वर्ज्य. दारूने आणि अशा गोळ्यांनी मनाचा लगाम सुटतो.

मग माणसं. आधी अशी जागा, जिथे काही न बोलता कुणाच्या तरी सोबतीत बसता येईल. रात्री ती जागा म्हणजे नवरा झोपलाय ती खोली. जाऊन नुसतं जवळ बसलात तरी चालेल. त्यानंतर ज्यांना खरं सांगता येईल अशी किमान तीन नावं, क्रमांकांसहित. त्यांना आधी विचारून ठेवा: ‘मी रात्री फोन केला तर उचलशील का? आवाज बंद करून झोपतेस का?’ हे न विचारल्यामुळे ऐन वेळी तिन्ही फोन वाजत राहतात आणि आपलं कुणी नाही ही भावना आणखी घट्ट होते. त्यातल्या एका व्यक्तीने रोज ठरलेल्या वेळी तुम्हाला फोन करायचा. रात्री नऊची वेळ चांगली. शेवटी १४४१६, तुमच्या डॉक्टरांचा क्रमांक, ११२ आणि जवळच्या रुग्णालयाचं नाव.

कागदाची एक प्रत उशाशी, एक स्वयंपाकघरात, एक नवऱ्याजवळ, आणि एक फोटो मोबाइलमध्ये.

घर सुरक्षित करणं

आराखड्याचा शेवटचा भाग हाच, आणि माझ्या मते सर्वांत जास्त जीव यानेच वाचतात. ती तीव्र घटका अल्प असते, म्हणून त्या वेळी साधन हाताशी नसणं फार मोलाचं ठरतं. विचारात जी वस्तू येते ती घरातून बाहेर गेली पाहिजे आणि जी जागा येते तिथे एकटीने जाता येऊ नये. हे काम तुम्ही करायचं नाही, दुसऱ्याने करायचं. तुमच्याच घरात माळ्यावर किंवा कुलपात ठेवली आणि किल्ली कुठे आहे हे तुम्हाला माहीत असलं, तर त्याचा उपयोग थोडाच. शेतीचं घर असेल तर फवारणीची औषधं गावात दुसऱ्या कुणाच्या तरी घरी किंवा शेतावरच्या कुलूपबंद खोलीत, ज्याची किल्ली तुमच्या घरात नाही. घरातली सगळी औषधं नवऱ्याकडे. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्याही त्यात आल्या. डॉक्टरांना सांगा की औषध एका वेळी आठवड्याचंच द्या.

मूल दीर्घ आजाराने गेलेल्या घरांत हा धोका हमखास नजरेआड राहतो. त्याच्या उरलेल्या वेदनाशामक आणि झोपेच्या औषधांचा डबा तसाच असतो, कारण त्याची वस्तू म्हणून आईला तो टाकवत नाही. तो डबा बहीण-भावाने रुग्णालयात किंवा औषधाच्या दुकानात नेऊन द्यावा. त्याची वही, शर्ट, पाण्याची बाटली हवी तेवढी ठेवा.

नवऱ्याला काय सांगायचं

ते खचतील ही भीती समजते. पण बाबाही त्याच मुलाचे बाबा आहेत, आणि पुरुष बहुतेकदा कामाच्या, कागदपत्रांच्या किंवा दारूच्या आड जातात. त्यांच्याही मनात हाच विचार येत असण्याची शक्यता आहे. वाक्य तयार करून ठेवलं तर बोलणं सोपं जातं: ‘रात्री मला जगावंसं वाटत नाही. मी काही करणार आहे असं नाही, पण मला भीती वाटते. मला डॉक्टरांकडे घेऊन चला आणि रात्री मी उठले तर तुम्हाला उठवू दे.’ भांडण चालू असताना हे सांगू नका, आणि मुलीसमोरही नको. तोंडातून निघत नसेल तर लिहून हातात द्या, किंवा हेच उत्तर वाचायला द्या. ऐकल्यावर ते रागावले, गप्प झाले, ‘असं अभद्र बोलू नको’ म्हणाले, तरी ती पहिली घाबरलेली प्रतिक्रिया असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा. तरीही जमलं नाही तर बहीण, भाऊ, जाऊ, ऑफिसातली मैत्रीण, जे कोणी धीराने ऐकेल त्यांना सांगा.

मुलीला पहारेकरी करू नका. दहावीतल्या मुलीला ‘आईवर लक्ष ठेव’ असं सांगितलं की ती रात्री जागते, शाळेत तिचं चित्त घरी असतं, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर तो दोष ती जन्मभर वागवेल. पण तिच्यापासून सगळं लपवूही नका, तिला ते दिसतंच. ‘दादा गेल्यापासून आईला फार त्रास होतोय, मी डॉक्टरांकडे जातेय, बाबा आणि मावशी माझ्याकडे बघतायत, ते तुझं काम नाही’ एवढं बोललात तर तिचा जीव भांड्यात पडेल. तिचाही भाऊ गेलाय. तिला कुणीतरी वेगळं विचारायला हवं की तुझं कसं चाललंय.

आणि ‘माझ्याशिवाय तिचं बरं होईल, मी सगळ्यांना भार झालेय’ असा विचार आला, तर ती लाट चढत असल्याची खूण समजा आणि कागद हातात घ्या. तो विचार खरा आहे की खोटा यावर रात्री एकटीने वाद घालू नका.

चावीचा प्रश्न

हे लिहिताना मला घाई करायची नाही. ‘तुझा काही दोष नाही’ असं चार लोकांनी तुम्हाला सांगितलं असेल आणि त्याने काहीच हललं नसेल. एवढी भयंकर गोष्ट कारणाशिवाय घडली हे मनाला सोसवत नाही, म्हणून ते कारण शोधतं आणि सर्वांत जवळची व्यक्ती, म्हणजे आपण स्वतः, त्याला सापडते. दोष घेतला की निदान ‘ते टाळता आलं असतं’ असं तरी वाटतं.

करून बघण्यासारखं काम असं आहे. दिवसा, कुणी जवळ असताना, एका कागदाचे दोन भाग करा. डावीकडे लिहा, त्या दिवशी त्या वेळी तुम्हाला काय माहीत होतं: त्याने आधी किती वेळा गाडी नेली होती, कुठे जातो म्हणाला होता, रस्ता कोणता. उजवीकडे लिहा, जे नंतर कळलं. चावी देणारी आई डाव्या बाजूची आहे. तिला उजव्या बाजूचं एक अक्षरही ठाऊक नव्हतं, आणि रात्री तुम्ही तिला उजव्या बाजूच्या पुराव्यावर शिक्षा सुनावता. एकदा लिहून हे संपत नाही, समुपदेशकाबरोबर अनेक बैठकींत त्यावर काम करावं लागतं. कुठे खरोखर चूक झाली असेल, हेल्मेटचा आग्रह धरला नाही असं काही, तर ती चूक म्हणून नाव घेऊन मांडता येते. तिची किंमत म्हणून जीव द्यावा लागत नाही.

जिथे मुलाने स्वतःच जीव दिलेला असतो, तिथे हा प्रश्न याहून कठीण असतो आणि आईबापांचा धोकाही जास्त. त्यांनी वाट न पाहता पहिल्या आठवड्यातच तज्ज्ञांची मदत घ्यावी. बाळंतपणात किंवा जन्मानंतर लगेच बाळ गेलेल्या आईचंही तसंच. बाळ नसताना दूध येतं आणि तो आघात शब्दांत सांगण्यापलीकडचा असतो. घट्ट बसणारी अंतर्वस्त्रं, गार पाण्याच्या घड्या आणि अगदी ठणकलं तरच थोडंसं दूध काढणं, एवढ्याने ते हळूहळू आटतं. दूध थांबवायचं औषधही असतं, ते प्रसूतितज्ज्ञांना विचारून घ्यावं. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत झोप पूर्ण उडाली, बोलणं असंबद्ध झालं किंवा आवाज ऐकू आले तर ती तातडीची वेळ आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे काय होतं

मनोविकारतज्ज्ञ झोप, भूक, वजन, दारू, आधीचे आजार, घरात पूर्वी कुणी जीव दिला आहे का, हे विचारतील. जीव देण्याबद्दलही सरळ विचारतील, तिथे काही लपवू नका. शोकाला गोळी नाही. पण शोकाबरोबर नैराश्याचा आजार जडला असेल किंवा झोप उडाली असेल तर त्यावर औषध आहे. नैराश्याच्या औषधाचा गुण दिसायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, कधी ६. सुरुवातीच्या काळात अंगात थोडं बळ येतं पण मन अजून वर आलेलं नसतं. ते आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं, विशेषतः रुग्ण २५ वर्षांखालील असेल तर. बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम सोडू नका. झोपेची गोळी थोड्या दिवसांपुरतीच आणि डॉक्टरांनी दिलेलीच.

४ महिन्यांचा शोक हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या किमान ६ महिन्यांनंतर, आणि अमेरिकी व्याख्या मोठ्यांसाठी १२ महिन्यांनंतर, ‘लांबलेल्या शोका’बद्दल बोलते, तेही ओढ रोज तितकीच तीव्र असेल आणि जगणं ठप्प असेल तर. त्यावर कॅथरीन शिअर या मनोविकारतज्ज्ञांनी विकसित केलेली सुमारे १६ बैठकींची संवादोपचार पद्धत आहे. २०१६ च्या चाचणीत दिसलं की नुसत्या नैराश्याच्या गोळीने शोक हलला नाही, या उपचाराने हलला. तुमच्या शहरात नेमकी हीच पद्धत मिळेल असं नाही, पण शोकावर काम केलेला समुपदेशक शोधताना ‘मूल गेलेल्या पालकांबरोबर काम केलंय का?’ हा प्रश्न जरूर विचारा. आत्महत्येच्या विचारांसाठी मात्र ६ महिने मोजायचे नसतात.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मनोरुग्णांसाठीची सरकारी संस्था आहे. तिथे बाह्यरुग्ण म्हणून जाऊन त्याच दिवशी घरी परतता येतं. डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं तर ते काही दिवसांच्या पहाऱ्यासाठी असतं. पोलिसांची भीती अनेकांना गप्प ठेवते, म्हणून तेही सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा करायची नसते. उलट तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ घेतलेलंच नाही. नुसता विचार डॉक्टरांना सांगणं तर कधीच गुन्हा नव्हता.

नातेवाइकांसाठी

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं आणि चौदाव्या दिवशी ओस पडतं. खरी गरज तिथून पुढे लागते. किमान दोन-तीन आठवडे एक मोठं माणूस रात्री तिथे झोपेल अशी पाळी लावा, नंतर दर दोन दिवसांनी फेरी. विचारायचं ते सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का? कसं, ते मनात आलंय का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांनी तपासलेलं आहे. बहुतेकांना उलट सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर घाबरून उपदेश सुरू करू नका. ‘सांगितलंस ते बरं झालं, मी इथेच आहे’ म्हणा आणि फोन उचला. तुम्हाला ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली तरी ती पाळायची नाही.

‘देवाला आवडला’, ‘मुलीकडे बघून जग’, ‘तू गेलीस तर त्याच्या आत्म्याला शांती मिळणार नाही’, ‘अजून वय आहे, दुसरं होईल’ ही वाक्यं गिळून टाका. सुनेच्या पायगुणाचा विषय घरात कुणी काढला तर तिथल्या तिथे थांबवा. मुलाचं नाव घ्या. त्याची आठवण सांगा. नाव न घेतल्याने आई विसरत नाही, फक्त एकटी पडते.

त्याच्याकडे जायची ओढ दाबून टाकायची नसते, तिला दिवसाची जागा द्यायची असते. संध्याकाळी २० मिनिटं, कुणी घरात असताना, त्याच्या फोटोपाशी बसा, त्याच्याशी बोला, त्याला पत्र लिहा. खोली लगेच आवरायची घाई नको, पण आतून कडी लावून तासन्‌तास बसणंही नको. दिवसभरात दोन वेळचं जेवण, अंघोळ आणि अर्धा तास उन्हात चालणं, एवढं झालं तर तो दिवस पुरेसा झाला.

येणारे दिवस आत्ताच दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवा: त्याचा वाढदिवस, रक्षाबंधन आणि भाऊबीज, गणपती, दिवाळी, त्याच्या कॉलेजचा निकाल, मुलीची परीक्षा, वर्षश्राद्ध. मुस्लिम घरांत चाळिसावा, ख्रिस्ती घरांत महिन्याची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना). आदल्या चार-पाच रात्री त्या दिवसापेक्षाही जड जातात, तेव्हा सोबत आदल्या आठवड्यापासून हवी. अपघातात गेलेल्या मुलांच्या घरी आणखी काही तारखा अवचित येतात आणि त्यांची कुणी तयारी केलेली नसते: शवविच्छेदनाचा अहवाल, पोलीस ठाण्यातून परत येणारी गाडी, विम्याचे फॉर्म, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस. ही सगळी कागदपत्रं दीर किंवा भावाच्या पत्त्यावर मागवा. गाडी घरी आणू नका. अहवाल तुम्हाला वाचायचाच असेल तर दिवसा, डॉक्टरांना शेजारी बसवून वाचा. दाव्याच्या जबाबाला एकटीने जाऊ नका, आणि त्या रात्री मावशीला राहायला बोलवा.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी: अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. तिथे बहुतेकदा इंग्रजीत बोलावं लागतं. रडताना इंग्रजी सुचत नसेल तर ‘माझं मूल गेलं, मला मरावंसं वाटतंय’ एवढं वाक्य इंग्रजीत आधीच लिहून फोनजवळ ठेवा आणि वाचून दाखवा.

ताई, आज रात्रीपासून बहिणीच्या किंवा नवऱ्याच्या शेजारी झोपा, मुलीच्या नको. औषधांचा डबा आजच त्यांच्या हातात द्या. उद्या सकाळी १४४१६ वर फोन करून तुमच्या जिल्ह्यात कुठे दाखवायचं ते विचारा आणि फोन ठेवायच्या आधी पत्ता लिहून घ्या.